शेवटची चाळीस पानं

सिनेमा फ्रेंच होता. पुण्याहून आलेल्या डब्यांत
खालच्या इंग्रजी ओळी नव्हत्या, हे कळलं तेव्हा
कामगार कल्याणच्या हॉलची दारं लागली होती
आणि पन्नास-पन्नास पैशांची तिकिटं फाडून झाली होती.
चिटणीस नुसते मान पुसत राहिले.
मग हत्तुरे उठले. वाचनालयातले,
शर्टाच्या खिशाखाली शाईचा जुना डाग असलेले.
म्हणाले, ही कादंबरी मी वाचलीय. मराठीत. दोनदा.
पडद्याच्या कडेला कुणीतरी स्टूल आणून ठेवलं.

पोस्टमास्तर बारीक, टोपी मोठी.
विधवा ठेंगणी, तिचा आवाज मोठा.
गावात बिशप जेवायला यायचा त्याच दिवशी
तिचा पक्षी नाहीसा होतो
आणि टपालाची एक थैली आपोआप हलू लागते.

अनुवादकाने राजहंस लिहिलं होतं, हत्तुरेही राजहंसच म्हणाले.
पडद्यावर ते सरळसरळ बदक दिसत होतं.
मागे मल्लेशम गुंडेटी सायझिंगवाल्यांना तेलुगूत सांगत होता,
त्याने तिची कोंबडी केली.
कोपऱ्यात गौरव्वा कन्नडमध्ये काय सांगत होती देव जाणे,
तिच्याकडच्या बायका सगळ्यांच्या आधी हसायच्या.
हसू हॉलमधून तीन हप्त्यांत जायचं
आणि शेवटचा हप्ता पोचेपर्यंत
पडद्यावर कुणीतरी रडत असायचं.

आई सूप घेऊनच आली होती, मांडीवर.
सकाळी हजार विड्या कारखान्यात द्यायच्या होत्या.
अंधारात तिची बोटं दिसत नव्हती,
पान कापल्याचा कचकच आवाज तेवढा यायचा,
आणि थैली हलली की तो थांबायचा.

चौथं रीळ तिसऱ्याच्या आधी लागलं.
पोस्टमास्तर आधी सुटला, मग पकडला गेला.
हत्तुरे क्षणभर अडखळले
आणि म्हणाले, हे त्याला पडलेलं स्वप्न.
आम्हाला पटलं.
आमच्याकडेही माणसं अशीच पकडली जायची.

मग बाईचं अंगण आलं. संध्याकाळ.
दोघं समोरासमोर, मधे रिकामी थैली.
ती काहीतरी बोलली. लांब बोलली.
तो टोपी काढून उभा राहिला, नाक पुसलं,
आणि हत्तुरे गप्प.
सांगा की हो सर!
सर स्टुलावर आणखी लहान झाले.
पुढची चाळीस पानं, ते म्हणाले,
वाळवीने खाल्लीत.

मल्लेशम गप्प. गौरव्वाही.
बाहेर रात्रपाळीचा भोंगा झाला.
तेव्हा माझी आई, जी रेशनच्या रांगेतही
मला पुढे करून बोलायची,
सूप सांभाळत उभी राहिली आणि म्हणाली,
ती म्हणतीय, जेवून जा. खाल्लास ते खाल्लास,
आता बसून जेव.

त्या रात्री हॉल पहिल्यांदा एकदम हसला,
तिन्ही भाषांत, एकाच वेळी.
हत्तुऱ्यांनी दुसऱ्या दिवशी तेच वाक्य
पेन्सिलीने पुस्तकाच्या उरलेल्या शेवटच्या पानावर लिहिलं.
मी पाहिलंय ते. खाली सहीसुद्धा होती.

परवा नातवाने तो सिनेमा फोनवर काढून दिला.
सगळ्या ओळींसकट.
तिसरं रीळ तिसऱ्या जागी होतं, स्वप्न कुठेच नव्हतं.
अंगण आलं, तसा मी चष्मा पुसला.
बाई म्हणते:
तो पक्षी माझा नव्हताच. भांडायला
कुणीतरी हवं होतं. घर फार शांत असतं.

आईला आता कमी ऐकू येतं.
कानाशी तोंड नेऊन मी ओरडून सांगितलं,
पलीकडच्या चाळीलाही कळलं असेल.
ती बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिली.
बोटं साडीच्या काठावर
काहीतरी वळत होती, सवयीने.
मला वाटलं, तिला ते जुनं वाक्य आठवत असेल,
किंवा हत्तुरे, किंवा बाबा गेल्यानंतरचं आमचं घर.

मग ती माझ्याकडे वळून, जरा चिडूनच म्हणाली,
तिची नव्हती, तर मग
कोंबडी कुणाची होती?